यंत्राआधी बाटली

संगणक आता कॅन्सर ओळखतो, अशी बातमी वर्षातून तीन-चार वेळा तरी छापून येते. बातमी खोटी नसते. २०१७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सूक्ष्मदर्शकात न डोकावता, स्लाइडचं पडद्यावरचं चित्र पाहून निदान करायला पहिल्यांदा परवानगी दिली. २०२१ मध्ये त्याच प्रशासनाने प्रोस्टेटच्या तुकड्यात कॅन्सरचा संशय नेमका कुठे आहे, हे डॉक्टरला दाखवून देणाऱ्या प्रणालीला मान्यता दिली. २०२४ मध्ये तर सुमारे पंधरा लाख स्लाइडींवर शिकवलेलं एक प्रारूप जगापुढे आलं आणि त्याला नाव दिलं विरखोचं. १८५८ मध्ये रोगाचं मूळ पेशीत शोधायला शिकवणारा हाच तो जर्मन डॉक्टर. हे सगळं वाचून आपल्याकडचा सुशिक्षित माणूस निष्कर्ष काढतो की पॅथॉलॉजिस्ट कमी असले तरी आता फारसं बिघडणार नाही, कारण यंत्र येतंय.

शिरगावातून पाहिलं तर प्रश्न वेगळा दिसतो. पालघर स्टेशनपासून सहा-सात किलोमीटरवरचं हे किनाऱ्याचं गाव, एका अंगाला सातपाटी, दुसऱ्या अंगाला माहीम-केळवे. इथल्या कुणाच्या गालातला चट्टा किंवा छातीतली गाठ काढायची तर पालघर किंवा बोईसर गाठायचं. तुकडा काढणारा सर्जन तिथे मिळतो. तो वाचणारा पॅथॉलॉजिस्ट मात्र बहुधा वसई-विरारला, नाहीतर थेट मुंबईत असतो. दोघांच्या मधे एक बाटली असते, एक चिठ्ठी असते आणि पुष्कळदा पेशंटचा मुलगा किंवा पुतण्या असतो, जो ती बाटली पिशवीत घालून डहाणू लोकलमध्ये उभा राहतो. तुकड्यावरून रोग ओळखण्याच्या शास्त्रात गेल्या दहा-पंधरा वर्षांत जे जे नवं आलं, त्या सगळ्याचा भार या बाटलीवर आणि चिठ्ठीवर येऊन पडला आहे, असं माझं म्हणणं आहे. तपासणी जितकी बारीक होत जाते, तितकी बाटलीतली चूक महाग पडते. आणि चर्चा चालू आहे ती फक्त यंत्राची.

तुकड्याचं पुढे काय होतं, हे बहुतेकांना ठाऊक नसतं. शरीरातून सुटल्या क्षणापासून त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असतो आणि त्याच्याच पेशींमधले रस त्याला आतून खायला लागतात. ते थांबवायचं काम फॉर्मेलिनचं. दहा टक्क्यांचं, बफर घालून आम्लपणा काढलेलं आणि तुकड्याच्या किमान दहापट. फॉर्मेलिन आत शिरतं तेही धिम्या गतीने, साधारण तासाला मिलिमीटरभर. लॅबमध्ये पोचल्यावर तुकडा रात्रभर चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलमधून जातो, त्यातलं पाणी निघतं, मग झायलीन, मग वितळलेलं मेण. सकाळी त्याचा ब्लॉक होतो, बोटाच्या पेराएवढा. मायक्रोटोमच्या पात्यावर त्या ब्लॉकचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप सुटतात, एकमेकांना चिकटून फितीसारखे. तंत्रज्ञ ती फीत ब्रशच्या टोकाने कोमट पाण्यावर सोडतो, सुरकुत्या उलगडल्या की खालून काच घालून अलगद उचलतो. पंख्याचा झोत आला तरी काप गुंडाळतो. मग दोन रंग: मध्य अमेरिकेतल्या एका झाडाच्या गाभ्यातून मिळणारं हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन. केंद्रकं जांभळी, बाकी सगळं गुलाबी. ही पद्धत एकोणिसाव्या शतकातली आहे आणि कितीही आधुनिक संगणकाला दाखवायचं झालं तरी सुरुवात आजही इथूनच होते.

आता बिघडतं कुठे ते पाहा. लहान इस्पितळात फॉर्मेलिन संपलेलं असतं म्हणून तुकडा सलाइनमध्ये ठेवतात, कधी स्पिरिटमध्ये. कधी औषधाच्या अरुंद तोंडाच्या बाटलीत कोंबतात. मऊ असताना तो आत जातो, फॉर्मेलिनने कडक झाल्यावर बाहेर येत नाही आणि लॅबवाल्याला बाटली कापावी लागते. छातीचा अख्खा भाग काढला असेल तर तो न चिरता तसाच बुडवतात. बाहेरून पक्का दिसतो, आत गाठीपर्यंत फॉर्मेलिन पोचायला दिवस लागतो, तोवर गाठ नासलेली असते. यात दुष्टपणा कुणाचा नसतो. ऑपरेशन संपलं, पेशंट वाचला, रक्त थांबलं, तुकडा हे उरलेलं काम. ते वॉर्डबॉयच्या हाती जातं आणि वॉर्डबॉयला हे कुणी शिकवलेलंच नसतं.

चाळीस वर्षांपूर्वी एवढं चालून जायचं. पेशी जरा सुजलेल्या दिसल्या तरी कॅन्सर आहे की नाही, इतकं अनुभवी डोळा सांगायचा. आज स्तनाच्या कॅन्सरला तेवढं उत्तर पुरत नाही. गाठीच्या पेशींमध्ये हार्मोनचे रिसेप्टर आहेत का, हर-टू नावाचं प्रथिन किती आहे, यावर औषध ठरतं. २०२२ पर्यंत हर-टू आहे किंवा नाही एवढंच पाहायचे. त्या वर्षी थोडंसं हर-टू असलेल्यांनाही उपयोगी पडणारं औषध सिद्ध झालं आणि ‘थोडंसं’ आणि ‘नाही’ यांतला फरक लाखमोलाचा झाला. हा फरक कळायचा तर तुकडा तासाभरात फॉर्मेलिनमध्ये पडला पाहिजे आणि त्यात किमान ६, जास्तीत जास्त ७२ तास राहिला पाहिजे, असा अमेरिकेतल्या तज्ज्ञ संस्थांचा दंडक आहे. नासलेल्या तुकड्यात रिसेप्टर असूनही दिसत नाहीत. रिपोर्टात ‘निगेटिव्ह’ येतं आणि कॅन्सरवरच्या सर्वांत स्वस्त औषधांपैकी एक असलेल्या टॅमॉक्सिफेनच्या गोळ्या ज्या बाईला पाच वर्षं मिळायला हव्या होत्या, तिला त्या मिळत नाहीत. तिला कधी कळतही नाही.

हे फक्त गरिबांच्या देशात घडतं असं समजू नये. कॅनडातल्या न्यूफाउंडलंडमध्ये १९९७ ते २००५ या काळात जवळपास ४०० रुग्णांचे हार्मोन रिसेप्टरचे रिपोर्ट चुकले. न्यायमूर्ती मार्गारेट कॅमरन यांच्या आयोगाने २००९ मध्ये अहवाल दिला. पैसा आणि यंत्रं दोन्ही असलेल्या त्या प्रांतात कमी पडली होती ती रोजची शिस्त: तुकडा नीट स्थिर करणं, प्रत्येक खेपेला तुलनेसाठी ठाऊक असलेला नमुना सोबत रंगवणं, कोण तपासतं त्यावर नजर ठेवणं. चूक उघडकीला आली, कारण मेणाचे जुने ब्लॉक जपून ठेवले होते आणि ते टोरांटोला पाठवून पुन्हा तपासता आले. आपल्याकडे अशी चौकशी करायची म्हटली तर निम्मे ब्लॉक तरी सापडतील का, अशी मला शंका आहे.

मुळात तुकडा निघण्याआधीच अडथळे सुरू होतात. ‘गाठीला लोखंड लागलं की ती पसरते’ हे वाक्य आपल्याकडच्या घराघरांत ऐकू येतं, आणि ते म्हणणाऱ्याला अडाणी ठरवून उपयोग नाही. त्याने पाहिलेलं असतं की शेजारच्या काकूंना सुई टोचली आणि सहा महिन्यांत त्या गेल्या. त्या गेल्या, कारण सुई लावेपर्यंत वर्ष निघून गेलं होतं. सुईच्या वाटेने रोग पसरणं अगदी मोजक्या ठिकाणी घडतं आणि तिथे डॉक्टर मुळातच सुई टाळतात. दुसरी तऱ्हा याच्या उलट. गाठ काढली, ‘चरबीची आहे, काही नाही’ म्हणून बादलीत टाकून दिली. शंभरात बहुतेक वेळा ती चरबीचीच असते. पण शरीरातून काढलेली गोष्ट न तपासता फेकू नये, हा नियम त्या उरलेल्या वेळांसाठीच आहे.

आणि डोंगरपट्ट्यात, जव्हार-मोखाड्याकडे, मानेतल्या गाठीचा प्रश्न निराळाच. ती क्षयाची की लसिकाग्रंथींच्या कॅन्सरची, हे डोळ्याला कळत नाही. काढलेली गाठ खरं तर दोन भागांत जायला हवी, अर्धी फॉर्मेलिनमध्ये आणि अर्धी सलाइनमध्ये. कारण फॉर्मेलिनने जंतू मरतो. मग कल्चर लावता येत नाही, कुठलं औषध त्याला लागू पडतं ते कळत नाही. जीन एक्सपर्ट आहे, गोव्यातल्या मोलबायो कंपनीने बनवलेलं, बॅटरीवरही चालणारं ट्रूनॅट आहे, क्षयाचा जंतू आणि त्याची रिफॅम्पिसिनला दाद न देण्याची खोड एका दिवसात सांगणारी साधनं आज सरकारी केंद्रांत आहेत. अख्खी गाठ फॉर्मेलिनच्या बाटलीत गेली की त्यांच्या हाती धड नमुनाच उरत नाही. यासाठी लागते ती फक्त दुसरी बाटली. छातीच्या एक्स-रेवरची सावली पाहून आधी सहा महिने क्षयाचं औषध आणि मग तुकडा, हा उलटा क्रमही इथलाच. २०१३ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या संशोधकांनी फुप्फुसाच्या एका जातीच्या कॅन्सरचे ९०७ भारतीय रुग्ण तपासले. त्यांतल्या सुमारे २३ टक्क्यांत गोळीने आटोक्यात ठेवता येईल असा जनुकीय बदल सापडला. पाश्चात्त्य रुग्णांत हे प्रमाण दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास असतं. म्हणजे नीट जपलेल्या तुकड्याचा फायदा आपल्या माणसाला उलट जास्तच आहे.

बाटलीबद्दल एवढं पुरे. चिठ्ठीबद्दल बोलायचं तर वसंत रामजी खानोलकरांचं नाव घ्यावं लागतं. १८९५ चा जन्म, लंडनहून पॅथॉलॉजीची एमडी, ग्रँट आणि जी. एस. मेडिकलमध्ये अध्यापन. १९४१ मध्ये परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडलं तेव्हा तिथल्या प्रयोगशाळा त्यांच्याकडे आल्या. पुढे पद्मभूषण, मुंबई विद्यापीठाचं कुलगुरुपद. भारतीय पॅथॉलॉजीचे जनक म्हणून त्यांचा फोटो अनेक विभागांत टांगलेला असतो. त्यांच्या हाताशी अँटिबॉडीचे रंग नव्हते की जनुकांची तपासणी. सूक्ष्मदर्शक होता, गुलाबी-जांभळ्या स्लाइडी होत्या. पण प्रत्येक स्लाइडीमागचा माणूस कोण, काय नेसतो, काय चघळतो, कुठला, हे ते विचारत. १९४५ मध्ये सूर्याबाई यांच्यासह लिहिलेल्या निबंधात त्यांनी सवयींतून उद्भवणारे कॅन्सर जगापुढे मांडले. कमरेला वर्षानुवर्षं घट्ट कसलेल्या धोतराखाली होणारा त्वचेचा कॅन्सर त्यांतलाच. खालच्या ओठामागे खैनी धरणाऱ्याला नेमका तिथेच होणारा कॅन्सरही त्यांनी टिपला. नुसती स्लाइड पाहिली असती तर दोन्ही ‘स्क्वेमस सेल कार्सिनोमा’, बस्स. धोतर आणि खैनी चिठ्ठीत होती.

आज लॅबमध्ये येणाऱ्या चिठ्ठीवर काय असतं? नाव, वय, ‘गालाचा तुकडा’ आणि प्रश्नचिन्ह. उजवा गाल की डावा, हेही पुष्कळदा नसतं. मशेरी लावते का, सुपारी खाते का, चट्टा किती दिवसांचा, आधी कुठे तपासलं होतं का, काही नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. तो विकणारे आणि खाणारे दोघेही राहिले. हरवली ती चिठ्ठीवरची नोंद, कारण बंदी असलेली वस्तू खातो असं कोण सांगणार? मोठं ऑपरेशन असेल तर काढलेल्या भागाची वरची बाजू कुठली, खालची कुठली, हे कळावं म्हणून सर्जनने टाका घालून खूण करायची असते. तोंडाच्या कॅन्सरमध्ये हे किती मोलाचं आहे ते टाटाच्याच डॉक्टरांच्या २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये आलेल्या अभ्यासावरून कळतं. सुरुवातीच्या कॅन्सरमध्ये मानेतल्या गाठी वाट न पाहता त्याच वेळी काढल्या तर तीन वर्षांनी ८० टक्के रुग्ण जिवंत होते. वाट पाहिलेल्यांत साडेसदुसष्ट. आणि फायदा कुणाला होतो हे पाहताना कॅन्सर किती मिलिमीटर खोल गेला आहे, याला महत्त्व आलं. खोली मोजायची तर वर-खाली कळलं पाहिजे. तो टाका नसेल तर पॅथॉलॉजिस्ट अंदाज करतो, आणि तो अंदाज रिपोर्टात आकडा म्हणून छापला जातो.

मग संगणकाचं काय? त्याला हिणवण्यात अर्थ नाही. २०१७ मध्ये ‘जामा’ या नियतकालिकात आलेल्या एका स्पर्धेचा निकाल सगळीकडे ‘यंत्र जिंकलं’ म्हणून गाजला. स्तनाच्या कॅन्सरमधल्या लसिकाग्रंथींच्या १२९ स्लाइडी होत्या. सर्वोत्तम प्रणालीने अकरा पॅथॉलॉजिस्टांना मागे टाकलं. पण त्या अकरा जणांना सगळं साधारण दोन तासांत संपवायला सांगितलं होतं. बाराव्या पॅथॉलॉजिस्टला वेळेचं बंधन नव्हतं. तो तीस तास बसला आणि यंत्राच्या जवळपास बरोबरीला आला. मला या निकालातलं सगळ्यात बोलकं पात्र तो बारावा वाटतो. आपल्याकडचा पॅथॉलॉजिस्ट आयुष्यभर त्या अकरांच्या रांगेत बसतो. त्याला घाईतून सोडवण्यासाठी यंत्र आलं तर मी त्याचं स्वागतच करीन.

फक्त यंत्र शिकलं कशावर, हे विचारावं लागतं. २०२१ मधल्या एका अभ्यासाने दाखवलं की अमेरिकेच्या ‘कॅन्सर जीनोम अ‍ॅटलस’ या प्रसिद्ध संग्रहातली स्लाइड पाहून प्रणाली ती कुठल्या इस्पितळातली हेच ओळखायला शिकते. प्रत्येक लॅबचा गुलाबी निराळा, कापाची जाडी निराळी. मग ती रोग ओळखते आहे की इस्पितळ, हे कळेनासं होतं. पालघरहून आलेली, आम्लट फॉर्मेलिनमध्ये काळवंडलेली स्लाइड तिच्यापुढे ठेवली तर ती काय म्हणेल? ती अडखळली तर बरं. भीती आहे ती तिने छातीठोकपणे उत्तर देण्याची.

आपले लोक या शास्त्रात मागे आहेत असंही नाही. सध्या आयआयटी मुंबईत असलेले अमित सेठी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये पेशींच्या केंद्रकांचा एक खुला संग्रह प्रसिद्ध केला. वीस हजारांहून अधिक केंद्रकांच्या कडा हाताने आखलेल्या, सात अवयवांतल्या. जगभरच्या संशोधकांनी त्यावर आपापली प्रारूपं घासली. पण चित्रं कुठली? त्याच अमेरिकी संग्रहातली. कारण वापरता येईल असा आपल्या स्लाइडींचा खुला साठाच नव्हता. गालाचा आणि हिरडीचा कॅन्सर, ज्याची जनुकीय घडण २०१३ मध्ये भारतीय शास्त्रज्ञांनीच पहिल्यांदा तपशिलात मांडली, तो पाश्चात्त्य संग्रहांत थोडाच. आपला सर्वांत नेहमीचा शत्रू परदेशी यंत्राने सर्वांत कमी पाहिलेला आहे.

यावर एक आक्षेप ठरलेला: ‘आधी बाटली, मग फॉर्म, मग स्कॅनर असं म्हणत बसलात तर पालघरला स्कॅनर कधीच येणार नाही, आधी यंत्र आणा, बाकी आपोआप सुधारेल.’ आक्षेपात तथ्य आहे. स्लाइडचं चित्र मिनिटांत परळला पोचतं, माणूस पोचत नाही. टाटाला बाहेरून गेलेल्या पेशंटकडे जुने ब्लॉक आणि स्लाइडी मागतात, पुन्हा तपासतात. त्यासाठी शिरगावच्या माणसाचा रोज बुडतो, सोबतच्याचाही बुडतो. ही खेप वाचवणं हीच मला डिजिटल पॅथॉलॉजीची आपल्या जिल्ह्यापुरती खरी कमाई वाटते. २०१२ मध्ये सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमध्ये देशभरची इस्पितळं जोडली गेली आहेतच. पण ‘आपोआप सुधारेल’ यावर माझा विश्वास नाही. महागडं यंत्र उद्‌घाटनाची फीत कापून घेतं. बफर घातलेल्या फॉर्मेलिनच्या रुंद तोंडाच्या बाटल्यांचं उद्‌घाटन कुणी करत नाही, म्हणून त्या कुठल्याच अर्थसंकल्पात नसतात. आणि सरकारी योजनेचं कार्ड मुख्यतः इस्पितळात दाखल झाल्यावर कामाला येतं. दाखल कशासाठी व्हायचं, हे ठरण्याआधीची सगळी पायपीट घरच्या पैशांनी होते.

पालघर-बोईसरपुरती एक मागणी मात्र करता येण्यासारखी आहे, आणि ती करायला इथल्या लोकांइतका हक्क दुसऱ्या कुणाला नाही. टाटा मेमोरियल १९६२ पासून अणुऊर्जा खात्याकडे आहे. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र १९६९ मध्ये आपल्याच तारापूरला सुरू झालं, तेही त्याच खात्याचं. पुढच्या दोन भट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरणच्या लोकांनी गावं सोडली. एकाच खात्याचा एक पाय आपल्या किनाऱ्यावर आणि दुसरा परळला असताना, या दोन्हींच्या मधे तुकड्यांची एक रोजची गाडी का नसावी? पालघर, बोईसर, डहाणू, मनोर, जव्हार इथल्या सरकारी आणि लहान खासगी इस्पितळांत फॉर्मेलिन भरलेल्या बाटल्या, गाठींसाठी सलाइनची दुसरी बाटली, मशेरी-तंबाखूचे रकाने असलेला मराठी फॉर्म आणि संध्याकाळी हे सगळं गोळा करून नेणारं वाहन. जिल्ह्यातल्या एका ठिकाणी ब्लॉक बनवणारे दोन चांगले तंत्रज्ञ आणि शेवटी एक स्कॅनर. अणुभट्टी चालवणाऱ्या खात्याला यातलं काहीही अवघड नाही. जिल्हा परिषदेच्या सदस्यांनी, सर्जन मंडळींनी आणि किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींनी मिळून या मागणीचं लेखी निवेदन खात्याला द्यावं. तोवर आपल्या घरात कुणाचा तुकडा काढला गेला तर तो फॉर्मेलिनमध्ये कधी घातला, चिठ्ठीत काय लिहिलं आणि ब्लॉक कुठल्या लॅबमध्ये, कुठल्या नंबरखाली ठेवला आहे, एवढं विचारून घ्या आणि तो नंबर फाइलच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.